अकरा डबे पांढरे

आर्डिस ट्वेटला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणायलाही अर्धा तास लागतो. आमच्या स्कोग लेक या उत्तरेकडच्या बर्फाळ गावात हा काही आजार नाही, रीतच आहे. पण आर्डिसमध्ये ती जरा जास्तच मुरलेली. अठ्ठावीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, पण "रांगेत उभे राहा" असं पोरांना ठणकावून सांगितल्याचं मला आठवत नाही. "तुम्हाला चालणार असेल तर जरा सरळ उभे राहाल का?" असं विचारायची. पोरं तिचं ऐकायची, हेही खरं.

ऐकायची ती पाटीमुळे. आज जेवायला काय आहे ते आर्डिस रोज एका काळ्या पाटीवर रंगीत खडूंनी काढायची. वाटाणे असले की वाटाणे, मासा असला की अख्खा मासा, खवल्यांसकट. दोन वर्षांपूर्वी चित्रकलेच्या बाई दुसरीकडे गेल्या आणि त्यांच्याबरोबर चित्रकलेचा तासही गेला. तेव्हापासून पोरं मधल्या सुट्टीत आर्डिसच्या पाटीभोवती जमायची आणि ती त्यांना उरलेले खडू वाटायची. मग आर्डिस निवृत्त झाली, आणि त्या जागी छापील कागद लागला.

हे तिला सहन होईना. ती मुख्याध्यापक कर्टिसला भेटली. कर्टिस म्हणाला, "एक दिवस रंगांची कार्यशाळा घ्या. जेवणाच्या हॉलची लांब भिंत देतो. तीन वाजता येऊन बघेन. जमलं असेल तर पुढच्या वर्षापासून तास परत सुरू करू."

आर्डिसची कल्पना साधी आणि छान होती. चौथीची अठ्ठावीस मुलं, चार-चारांचे सात गट, प्रत्येक गटाला एक रंग. लाल गटाने आजवर जे जे लाल पाहिलं ते सगळं भिंतीवर काढायचं, निळ्या गटाने निळं. बस. एका माणसाने ठरवलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. पण आमच्याकडे समितीशिवाय साधा कोपराही झाडला जात नाही.

समितीत आम्ही चौघं. आर्डिस, गावाच्या लायब्ररीत बसणारी मी, गाईगुरं पाळणारा विल्मर आणि पाद्रीबाबांची बायको डोरीन. चर्चच्या तळघरात आम्ही पाच वेळा बसलो. पाच! दर वेळी पातळ कॉफी आणि डोरीनच्या खजुराच्या वड्या. शेवटची वडी उरली की विल्मर तिचा अर्धा भाग घ्यायचा, डोरीन उरलेल्याचा अर्धा, मी त्याचाही अर्धा, आणि मुंगीला पुरेल एवढा तुकडा ताटलीत ठेवून सगळे उठायचे. अख्खी वडी उचलण्याचा निर्लज्जपणा कोण करणार?

तिसऱ्या बैठकीचा पाऊण तास हिरव्या-पिवळ्यात गेला.

"माझं काही म्हणणं नाही," विल्मर कपाकडे बघत म्हणाला, "पण हिरव्याशेजारी पिवळा आला तर लोक बोलतील."

"का बोलतील?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. शेजारच्या राज्याच्या, आमच्या हाडवैरी फुटबॉल संघाचे ते रंग.

"वाईट नाही दिसणार तसं," डोरीन म्हणाली, "पण ते वेगळंच वाटेल."

"अरे, चौथीतली पोरं आहेत ती! पानं हिरवी आणि सूर्य पिवळाच काढणार ना?"

"तुझं बरोबर आहे, मार्लिस," आर्डिस हळूच म्हणाली. "आणि विल्मरचंही बरोबर आहे."

मला वाटलं, कॉफीची किटली हिच्या पुढ्यात आपटावी. शेवटी दोघांच्या मध्ये निळा घालायचं ठरलं आणि चौथी बैठक तेच पुन्हा ठरवण्यात गेली.

रंग गावकऱ्यांनीच आणायचे होते. प्रत्येक घराच्या तळघरात अर्धेमुर्धे डबे पडलेले असतात. मी तिला बजावलं, "आर्डिस, यादी कर आणि नावापुढे रंग लिही. विल्मर लाल, डोरीन निळा, असं."

"अगं, असं कसं? हुकूम सोडल्यासारखं दिसेल."

"मग दिसू दे की!"

"ज्याला जे जमेल ते आणेल गं. लोक समजूतदार आहेत."

लायब्ररीच्या दारावर तिने कागद लावला. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, "जमल्यास, एक डबा रंग." अकरा नावं आली. कोणता रंग, ते एकानेही लिहिलं नाही. मी विल्मरला विचारलं तर म्हणाला, "इतरांचं होऊ दे, उरेल तो बघू."

मार्चमधल्या त्या शुक्रवारी सकाळी साडेआठला हॉलमध्ये अकरा डबे ओळीने मांडले होते. बाहेर गुडघाभर बर्फ. मुलं जुने शर्ट चढवून, ब्रश हातात घेऊन उभी. आर्डिसने पहिलं झाकण उचकटलं. पांढरा. दुसरं उचकटलं. पांढरा. विल्मरचा पांढरा, डोरीनचा पांढरा. अकराच्या अकरा पांढरे, आणि पुढ्यात चाळीस फूट पांढरीशुभ्र भिंत.

चांगला रंग दुसऱ्या कुणीतरी आणावा, आपण उगाच पुढे पुढे करू नये, असा विचार अकरा घरांनी केला होता. आणि मी इथे इतकी तणतण करते आहे खरी, पण सातवा डबा माझा होता.

"चालेल की," डोरीन म्हणाली. "शांत दिसेल."

"बर्फ काढता येईल," विल्मर म्हणाला.

एका मुलीने ब्रश वर करून विचारलं, "आमचा गट लाल आहे ना? लाल कुठाय?"

आर्डिस तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही सगळ्यांचे आभार मानेल, दोष स्वतःवर घेईल, आणि तो तास कायमचा जाईल. मला रडूच येत होतं, संतापाने.

"विल्मर," आर्डिस म्हणाली. आवाज एवढा मोठा होता की मुलं चपापली. "तुझ्या गोठ्याची दारं लाल आहेत. मला तो लाल हवा. आत्ता."

विल्मरने टोपी काढली, परत घातली. "गाडीत आहे," तो पुटपुटला.

"काय?"

"गाडीत आहे डबा. गोठू नये म्हणून घोंगडीत गुंडाळून ठेवलाय. म्हटलं, कुणीच आणला नाही आणि कुणी विचारलंच, तर असावा."

"डोरीन?"

डोरीन लाजून लाल झाली. "निळा. नाटकाच्या पडद्यांचा उरलेला. गाडीत, हीटरजवळ ठेवलाय."

आर्डिसने माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्याने कोट चढवला आणि गाडीतून पिवळा आणायला निघाले. लायब्ररीतल्या छोट्या खुर्च्यांचा पिवळा, माझ्याच जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. पाच बैठका बसून काढल्या आणि रंग बाहेर गाड्यांमध्ये उबेला बसले होते! दहा मिनिटांत आणखी कुणाच्या तरी गाडीतून हिरवाही आला. बाकीचे आर्डिसने मिसळून केले. पांढराही कामी आला, गुलाबीसाठी.

त्या दिवशी ती एकदाही "चालत असेल तर" म्हणाली नाही. "इकडे धर. तो ब्रश धू. विल्मर, वाटेतून हो." तीन वाजेपर्यंत भिंत भरली. आगीचा बंब, टोमॅटो, सर्दीने लाल झालेलं कुणाच्या तरी आजोबांचं नाक. हिरव्याशेजारी पिवळा आला, खेटून आला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कर्टिस आला. खिशात हात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. नाकापाशी थांबून हसला.

"वाईट नाहीये," तो म्हणाला. "बघू या. वेळापत्रकाचं जरा अवघड असतं. उन्हाळ्यात बोलू."

आर्डिसने तोंड उघडलं. पुढचे शब्द मला पाठ होते. काही घाई नाही, तुझ्या सोयीने.

"कर्टिस," ती म्हणाली, "चौथीत असताना तू रोज माझ्या पाटीवरचा लाल खडू पळवायचास. मी बघायचे. कधी बोलले नाही. आता बोलते. तास देणार आहेस की नाही?"

कर्टिसचे कान लाल झालेले दिसले. हॉलमध्ये सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली.

"देणार," तो म्हणाला.

"कोणत्या वारी?"

"मंगळवारी. दुसरा तास."

"लिहून दे."

तिने पुढे केला तो लायब्ररीच्या दारावरचाच कागद. अकरा नावांच्या पाठीमागे कर्टिसने मंगळवार लिहिला आणि सही केली. आर्डिसने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवला.

टेबलावर डोरीनच्या ताटलीत एकच वडी उरली होती. सवयीने मी सुरी उचलली. आर्डिसने माझ्या हाताखालून ती वडी उचलली, अख्खी, आणि तिथेच उभी राहून खाऊन टाकली.