भिशीतला दुसरा नंबर

भिशीच्या डब्यातून निघालेला दुसरा नंबर माझा नव्हता, अक्काचा होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिलाही नाही.

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या भाभी भिशी चालवायच्या. वीस जण, महिन्याला दोन हजार, जमलेले चाळीस हजार दर महिन्याला एकेकाला. पहिली भिशी चालवणाऱ्याची, ही रीत. बाकीचे नंबर सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकून ठरायचे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. खारी गावात राहते, डबे करून देते. तिला भिशीत मीच घातलं. भाचीला बारावीनंतर नर्सिंगला पाठवायचं तिच्या मनात होतं, आणि घरात ठेवलेले पैसे कुणाच्या ना कुणाच्या अडचणीला निघून जायचे.

चिठ्ठ्यांच्या संध्याकाळी तिला डबे सोडून येता आलं नाही. भाभी म्हणाल्या, "सर, दीदी की भी आप ही उठाओ." मी आधी अक्काच्या नावाची चिठ्ठी उचलली, मग माझी. दोन्ही हातातल्या हातातच उघडल्या. तिचा दुसरा, माझा विसावा. मला तेव्हा माझ्या शिकवणीच्या क्लाससाठी बघितलेल्या गाळ्याचं डिपॉझिट भरायचं होतं आणि मालक थांबायला तयार नव्हता.

"मेरा दूसरा," मी म्हणालो. "दीदी का लास्ट."

"सर का लक देखो!" कुणीतरी ओरडलं. भाभींनी लिहून घेतलं. चहा आला. चिठ्ठ्या मी खिशात टाकल्या, त्या कुणी मागितल्याही नाहीत.

अक्काला फोनवर सांगितलं. मी तिला समजावलं. शेवटी सगळ्यांना चाळीसच मिळतात, उलट तुला ॲडमिशनच्या तोंडावर मिळतील, आधी आले असते तर राहिले असते का?

"ते बी खरंय," ती म्हणाली. "तू शिकवतोस पोरांना. तुला कळतंय म्हंजे बरोबरच असंल."

भिशी सतराव्या महिन्यात बसली. ज्यांनी आधीच उचलले होते त्यांतल्या काहींनी हप्ते टाळायला सुरुवात केली. भाभींनी काही महिने पदरचे घातले, मग त्यांच्याच नवऱ्याची नोकरी गेली आणि एक दिवस त्यांनी फ्लॅट सोडला. उरलेले तीन हप्ते मीही भरले नाहीत. भरायचे कुणाकडे, असं म्हणून मोकळा झालो. अक्काने मात्र तोवरचा एकही हप्ता चुकवला नव्हता. भाची नर्सिंगला गेली नाही. आता एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, पावत्या करते.

अक्का माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माझा नंबरच शेवटचा, कुणाला बोल लावू? तुझे तरी निघाले, लई बरं झालं."

त्यानंतर मी तिला अधूनमधून पैसे देत आलो. माझ्या मनात तो हप्ता असतो. तिच्या लेखी ती मदत. नातेवाइकांत सांगत सुटते, भाऊ असावा तर असा. म्हणून मी नातेवाइकांकडे जाणं सोडलं. पुढे तिच्याकडेही. रविवारी फोन येतो, "ये की जेवायला, एकटा काय करतोस?" मी म्हणतो, क्लास आहे. रविवारी क्लास नसतो. मग घरात बसवत नाही, निदान बाहेर असल्याचं तरी खरं व्हावं म्हणून बसने घोडबंदरला जातो, खाडीकडे तोंड करून बसतो आणि येताना वडापाव खातो. घरी आल्यावर टीव्ही लावतो. बघत नाही.

मागच्या वर्षी अकरावीच्या वर्गात आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा का, हे शिकवत होतो. एका मुलीने विचारलं, "सर, भिशीत तर व्याजच नसतं. मग नंबर कुठलाही आला तरी सेमच ना?"

मी सांगितलं, सेम नाही. जो आधी उचलतो तो बाकीच्यांकडून बिनव्याजी कर्ज घेत असतो. जो शेवटी उचलतो तो सगळ्यांना कर्ज देत असतो, तेही बिनव्याजी. आणि मधे कुणी बुडवलं तर बुडतात त्याचे.

"मग लास्ट नंबर घेतं कोण, सर? येडा?" मागून एकजण म्हणाला. वर्ग हसला. मीही हसलो. ते हसणं मला आजही ऐकू येतं, पोरांचं नाही, माझं.

आणि परवा भाचीचा फोन आला. लॅबमधल्या मुलींनी भिशी सुरू केलीय. "मामा, नंबर चॉइसने देतायत. आई म्हणाली, मामाला विचार, त्याला पैशातलं कळतं. कुठला घेऊ?"

"लवकरचा घे," मी म्हणालो. "नाहीतर घेऊच नकोस." का म्हणून विचारलं तर वर्गात सांगितलं होतं तेच सगळं सांगितलं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, मग आईला हे का नाही सांगितलंस तेव्हा?"

"तेव्हा मलाही एवढं कळत नव्हतं गं," मी म्हणालो.

"हो का," ती म्हणाली. कुणीतरी रिपोर्ट मागत होतं, तिने फोन ठेवला.

तेव्हाही मी हेच शिकवत होतो. तिला ते ठाऊक आहे. दहावीच्या सुट्टीत ती माझ्याच वर्गात मागे बसून असायची.

येत्या रविवारी क्लास आहे असं सांगणार नाही. खारीला जाईन. अक्का जेवायला वाढेल, त्याआधी बोलायचं आहे. जेवल्यावर माझ्याच्याने होणार नाही. पुढे ती मला ये म्हणेल की नाही, माहीत नाही.

अक्काला मी भिशीचे पूर्ण चाळीस हजार देणं लागतो. मदत म्हणून आजवर दिलेले पैसे त्यात धरायचे नाहीत. तो चिठ्ठीत निघालेला नंबर तिचा होता, हे सांगणं लागतो. आणि भाचीच्या परवाच्या प्रश्नाचं खरं उत्तर.