उलटे खांब

२००४ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, पुढचं सगळं रंध्याने शिकवलं.

पोरगा लंडनमध्ये स्टॅनमोरला भाड्याने राहायचा; मी गावाहून त्याच्याकडे आलो होतो. सूनबाईला सातवा महिना. लंडनबाहेरच्या एका खेड्यात त्यांनी लाकडी सांगाड्याचं घर पसंत केलं होतं, चारशे वर्षांचं. पोरगा म्हणाला, "आबा, सर्व्हेयरचा रिपोर्ट आलाय, पण लाकूड तुम्ही बघा. तुम्ही हो म्हणालात की उद्या एजंटला ऑफर देतो."

भर दुपारी गेलो. काळ्या लाकडांची चौकट, मधे पांढरा गिलावा. आत छत इतकं खाली की पोरगा वाकून चालत होता.

"आबा, अहो, सगळं घरच तिरकं आहे!" सूनबाई हसली.

तिरक्याचं मला काही नाही. ओलं लाकूड उभं केलं की वाळता वाळता ते वाकतंच. पण खांबावरून हात फिरवला आणि हात थांबला. फांद्यांच्या गाठी खाली तोंड करून होत्या. बुंधा वर, शेंडा जमिनीकडे. दुसरा बघितला, तसाच. सगळेच तसे. उलटा खांब घरातलं माणूस खातो, असं बाप सांगायचा. मीही जन्मभर गिऱ्हाइकांना तेच सांगत आलो.

घरमालकीण म्हातारी होती. खांब उलटे का, असं पोराने विचारल्यावर तिने वर बोट दाखवलं. जाड बुंध्यावर तीन लाकडं एकत्र बसवली होती; शेंड्यावर तेवढी जागा मिळाली नसती, म्हणून बुंधा वर. अक्कल चांगली होती, मला पटलं.

मग सगळे बागेत गेले. मी खांबाला कान लावला. आत काहीतरी हळूहळू उतरत गेलं, वरून खाली. मागे दार आपोआप मिटलं. जमीन उतरती, दार मिटणारच. तरी कडी मला दोनदा सापडली नाही.

घरी आल्यावर पोराने विचारलं, "मग, आबा?"

"कीड आहे. आतून पोखरलंय. नको घेऊ."

"रिपोर्टमध्ये तर तसं काही नाही."

"त्या रिपोर्टवाल्याने कधी रंधा धरलाय का?"

 पाळण्याच्या खोलीची मापं लिहिलेला कागद सूनबाईने घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.

भ्यालो, असं मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. पण चांगल्या लाकडाला नासकं म्हणणं, तेही कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा नकार कळवायला एजंटला फोन लावत होता. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्याला म्हणालो, "लाकूड खणखणीत आहे. काल मी भ्यालो होतो."