बैलाच्या कानातल्या गोचिड्या

तेंदूपत्ता तोडायच्या दिवसांत जंगलातून घरी आलं की आम्ही आधी अंग तपासायचो. त्या वर्षी माझ्या कमरेवर, परकराच्या नाडीखाली, गोचीड निघाली. रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली. बाबांनी तिला पेटती बिडी टेकवली.

"नका ना बाबा!" मी ओरडले.

"काऊन भेऊन राह्यली? आपोआप गळते ते."

गळली खरी, पण तिचं डोकं कातडीतच राहिलं. मला भलताच राग आला. मागच्या उन्हाळ्यात शेजारची बाई अशीच गोचीड चावल्यावर तापाने फणफणली होती आणि चौथ्या दिवशी गेली होती. मी घडीघडी कपाळाला हात लावून पाहायची. बाबा मात्र अंगणात बसून बैलाच्या कानातल्या गोचिड्या उपटायचे, अंगठ्याच्या नखाने चिरडायचे, आणि रक्ताची बोटं धोतराला पुसून त्याच हाताने तंबाखू मळायचे. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी पुन्हा कपाळ चाचपलं. थंड होतं. हायसं वाटून मी बाबांना हाक मारली. ते उठले नाहीत. खाटेजवळ जाऊन त्यांच्या कपाळावर हात ठेवला, तर चटका बसला.