समीक्षाचा ‘हाव’

पिपरी मेघेत बोलवा आहे की किराणावाला कवडूकाका सटकला. म्हणे दुकानात एकटाच बोलतो आणि बाईचा आवाज काढून स्वतःच उत्तर देतो. साफ खोटं. आवाज काढायचं खातं या वस्तीत फक्त माझ्याकडे आहे. तो दुसरा आवाज पडद्यामागच्या समीक्षाचा, काकाच्या मुलीचा. माझ्याच वयाची. तिला जन्मापासून चालता येत नाही आणि बोलण्यात एकच शब्द आहे : ‘हाव’, म्हणजे आमच्याकडचं ‘हो’.

तिची आई अंजूकाकू सेवाग्रामला एका खानावळीत स्वयंपाकाला जाते. दिवसभर बापलेकच. गिऱ्हाईक साखर घेतं, पडद्याकडे एकदा बघतं नि सुटतं. लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब’ छापलेलं असतं. देणारा मात्र हळूच म्हणतो, पोरीले कायले तरास देता, तुमी येजा. काका जातो, आहेर देतो, न जेवता परततो.

आधी त्यानं हट्ट केला. देव झाले, डॉक्टर झाले. रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून ओठ दाबून शिकवायचा, "म्हन बेटा, बा-बा." ती म्हणायची, "हाव." एकदा काकू पोळ्या लाटता लाटता बोलली, "तिनं ‘हाव’ म्हनलं का तुमी ‘ओ’ देत जा ना. थेच तिचं ‘बाबा’ हाय." काका बरेच दिवस काकूशी बोलला नाही. मग शिकवणी बंद झाली आणि ‘ओ’ सुरू झाला.

पण तो अजून वाट पाहून राह्यला, अशी माझी खात्री. मी पैज लावली : कधीतरी अचानक तिच्या आवाजात ‘बाबा’ म्हणेन, मान नाही वळली तर आलूबोंडे माझ्याकडून. काका म्हणाला, "लाव."

एका दुपारी मागच्या दारानं शिरलो. समीक्षाला गप्प राहायची खूण केली, तिचा ओला, लांबट सूर धरला आणि म्हणालो, "बाबा." असा जमला की तीच माझ्याकडे बघत राहिली.

पडद्याच्या फटीतून काका दिसत होता. तागडीत साखर ओतणारा हात थांबला. बराच वेळ थांबला. मान नाही वळली.

तेवढ्यात समीक्षा म्हणाली, "हाव."

"ओ," काका म्हणाला, आणि वळला. मला पाहून म्हणाला, "तुह्यावाला ‘बाबा’ चांगला होता बे. बोंडे घेऊन ये. तिलेबी आनजो."

मी म्हटलं, काका, हात थांबलता तुमचा.

"पैज मानेची होती," काका म्हणाला, आणि साखर ओतायला लागला.