शेखरला विचारलं तेव्हा

औक्षणाचं ताट हातात घेऊन मालनबाई आहेर कार्यशाळेच्या दारात उभ्या होत्या आणि नेमकं कोणाला ओवाळायचं हेच त्यांना कळेना.

आयर्लंडहून दोघं आले होते. एक उंच, दाढीवाला गोरा माणूस. दुसरी ठेंगणी, चाळिशीची बाई; गोल चेहरा, किंचित तिरके डोळे, बोलणं जरा जड. तिला पाहताच मालनबाईंनी ओळखलं. इंदिरानगरातल्या या कार्यशाळेत त्यांचा शेखर बेदाण्याच्या काड्या निवडायचा, आणि तिथे अशा चेहऱ्याची बरीच जण होती. साहेबांनी तिकडची एक पोरगी सोबत आणलेली दिसते, असं समजून त्यांनी साहेबांना ओवाळलं आणि बाईच्या हातावर पेढा ठेवला. "खा हं बाळा."

"काकू, पाहुण्या त्याच आहेत," कार्यशाळा चालवणारी तेजस्विनी हळूच म्हणाली. "तिकडच्या अशाच संस्थेच्या कमिटीवर आहेत आयलीन. नोकरी करतात, स्वतःच्या घरात एकट्या राहतात. मार्टिन त्यांच्या मदतीला आलेत."

मालनबाईंनी ताट पुन्हा फिरवलं, पण डोक्यात काही शिरलं नाही. ही बाई कमिटीवर? स्वतःच्या घरात एकटी राहते? मग हिची आई कुठे असते?

मालनबाई मूळच्या देवळ्याच्या. नवरा अंबडच्या कारखान्यात होता म्हणून नाशिकला आल्या. शेखर उशिरा बोलला, उशिरा चालला, आणि दुसरीच्या पुढे शाळेने हात टेकले. पुढे नवरा गेला. लोकांचे डबे करून त्यांनी शेखरला वाढवलं. आता तो छत्तिशीचा झाला होता, तरी त्याचा शर्ट त्या निवडायच्या, डॉक्टरांपुढे त्याचं दुखणं त्या सांगायच्या. तो ऐकून घ्यायचा. "गुणी आहे माझा," असं त्या सगळ्यांना अभिमानाने सांगत.

पाहुणे एकदा त्यांच्या घरी जेवायला आले. सगळ्यांना पिठलं, भाकरी, ठेचा वाढला. शेखरपुढे नेहमीसारखी दुधात कुस्करलेली पोळी ठेवली. लहानपणी एकदा त्याच्या घशात घास अडकून दवाखाना गाठावा लागला होता, तेव्हापासून रात्री हेच.

आयलीनने त्याच्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"तुला काय आवडत नाही, असं विचारतायत त्या," तेजस्विनीने सांगितलं.

"त्याला सगळं आवडतं," मालनबाई म्हणाल्या. "काही कटकट नसते बघा त्याची."

आयलीनने मान हलवली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, शेखरलाच. शेखरने वाटीकडे बघितलं. मग त्याने वाटीवर बोट ठेवलं. "हे."

त्याने वाटी बाजूला सारली आणि आईच्या ताटातली भाकरी ओढून घेतली. ठेचा लावून घास तोंडात घातला. ठसका लागला. मालनबाई ताडकन उठल्या. तो पाणी प्यायला, डोळे पुसले आणि दुसरा घास घेतला.

"अरे, मग कधी बोलला का नाहीस?" त्यांनी विचारलं. शेखर चावत राहिला. तेवढ्यात आयलीननेही ठेचा खाल्ला आणि तिच्याही नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळे हसले. मालनबाईही हसल्या, पण हसू येतंय की रडू, ते त्यांना धड समजत नव्हतं.

पाहुणे परत गेले. ठरल्याप्रमाणे आता इकडच्या दोघांनी त्यांच्या संस्थेच्या भेटीला आयर्लंडला जायचं होतं. तेजस्विनीच्या मनात शेखर आणि कार्यशाळेतलीच राखी ही दोघं होती. मालनबाईंचा जीव उडाला. विमानात त्याला कोण सांभाळणार? तिथे खाणार काय? पण आयलीनचं घर, तिची नोकरी आठवली की वाटायचं, आपणच याला अडकवून ठेवलं तर नाही? एकदा हो, एकदा नाही, असं करत शेवटी त्यांनी होकार दिला. मेनरोडवरून जाड स्वेटरही आणला.

मग तेजस्विनीने शेखरला समोर बसवून तिकडचे फोटो दाखवले. समुद्र, हिरवी कुरणं, आयलीनचं स्वयंपाकघर. "जायचं ना तुला?"

"नाही."

"का रे?"

"मला देवळ्याला जायचंय. मामाकडे. एकटं."

तेजस्विनीने मालनबाईंकडे पाहिलं. "विमानाचं सोपं होतं हो काकू," तेजस्विनी म्हणाली. "तिथे सोबत मी असणार होते. एसटीने एकटं कसं पाठवायचं?" तिने व्हिडिओ कॉलवर आयलीनला हे सांगितलं. आयलीनला आनंद झाला. तीही बसने जायला अशीच शिकली होती: आधी शेजारी कोणीतरी, मग तेच माणूस मागच्या सीटवर, मग कोणी नाही.

मालनबाईंना आनंदाचं कारण काही समजलं नाही. परदेश नाकारून पोरगा देवळ्याला निघालाय, यात एवढं कौतुक कशाचं?

तरी तेजस्विनीने तसंच केलं. पहिल्या खेपेला शेखरच्या शेजारी बसून गेली, नंतर मागे बसून. तिसऱ्या खेपेला मालनबाईंनी त्याला देवळ्यावरून जाणाऱ्या सटाण्याच्या गाडीत एकट्याला बसवलं. त्याने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पुढच्या रस्त्याकडे बघत होता.

दुपारी एकपर्यंत पोचायला हवा होता. दीड झाला, दोन वाजले, अडीच झाले. शेखर फोन उचलेना. मालनबाईंनी तेजस्विनीला नको नको ते सुनावलं, आयलीनला सुनावलं, स्वतःला तर जास्तच. आता सटाण्याचीच दुसरी गाडी धरायची म्हणून त्या चप्पल घालत होत्या, तेवढ्यात देवळ्याहून भावाचा फोन आला.

"आक्का, तुना शेखर उना शे! आत्ताच पोचला. लय खुशीत हाय."

"इतका वेळ होता कुठं?"

"इचारलं मी. नाय सांगत."

शेखर तिथे आठवडाभर राहिला. मामाच्या कांदाचाळीत कांदा निवडला, चुलीपाशी बसला, मामेबहिणीच्या मुलीशी खेळला. परत आला तोही एकटाच. राखी आणि दुसरा एक जण आयर्लंडला जाऊन आले, त्यांचे फोटो त्याने आवडीने पाहिले. पण जावंसं वाटतं का विचारलं की मान नकारार्थीच हलायची. देवळ्याला मात्र तो आता अधूनमधून जातो.

एकट्याने केलेल्या त्या पहिल्या खेपेचा दीड तास कुठे गेला, हे मालनबाईंना अजून कळलेलं नाही. वाटेत चांदवडला उतरला असेल का? कोणी ओळखीचं भेटलं असेल? की गाडीच बंद पडली होती? त्या जेवताना विचारतात, गोडीगुलाबीने विचारतात, रागावून विचारतात.

"नाही सांगणार," शेखर म्हणतो आणि तोंडावर हात ठेवून हसतो.

ज्या मुलाचं दुखणंखुपणं छत्तीस वर्षं आपण जगाला सांगत आलो, त्याच्याकडे आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी आहे. याचा राग मानावा की काय करावं, मालनबाईंना कळत नाही. त्या त्याच्याकडे बघत राहतात, आणि तो हसतच असतो.