चौघांवरून बांधलेला अंदाज

नलिनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अलिबागला बैठकीत होतो. सकाळी चहा घेता घेताच गेल्या, म्हणाले... समोरचा माणूस काय बोलत होता ते मला त्यानंतर ऐकूच आलं नाही. आगरदांड्याच्या अलीकडे आमचं छोटं आरोग्य केंद्र आहे. ताई तिथे आरोग्यसेविका होत्या, यंदा निवृत्त व्हायच्या होत्या. महिना उलटला, पण एक गोष्ट आतून पोखरते आहे. ती आज लिहितो.

मी केंद्रात नवा होतो तेव्हा गावात फ्लूची साथ आली. एकाला ताप आला आणि तीन दिवसांत आणखी चौघे आजारी पडले. त्यातल्या एका आजींना धाप लागली, त्यांना अलिबागला हलवावं लागलं. मी कागद ओढून आकडेमोड केली. एकापासून चार, चारांपासून सोळा, सोळांपासून चौसष्ट... आणि आठवड्यावर गावातल्या स्वातीची हळद आलेली, सगळा गाव जेवायला. ताई मात्र घरोघर फिरून आल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, हे पाचही जण पालीला एकाच टेम्पोतून गेले होते. वरून ताडपत्री बांधलेली, आत हवा नाही. त्यांच्यावरून गावाचा अंदाज नका बांधू. अजून दोन दिवस बघू या."

मी थांबलो नाही. लग्न पुढे ढकला, असं पत्र ग्रामपंचायतीला दिलं.

साथ पसरलीच नाही. त्या चौघांच्या घरांत मिळून दोघांना ताप आला आणि साथ तिथेच थांबली. आजीही बऱ्या होऊन घरी आल्या. पण मुलाकडच्यांनी तेवढंच निमित्त धरून सोयरीक मोडली. स्वातीचे वडील भर ग्रामसभेत उभे राहिले. "तुमच्या आकड्यांपायी पोरीचं लगीन मोडलं. आता काय करू मी?" मी तोंड उघडणार, एवढ्यात शेजारून ताई उठल्या.

"हिशोब माझा होता, दादा. चुकला."

त्यानंतर कित्येक महिने काही घरांनी ताईंना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्या बाहेर उभ्या राहून गोळ्या द्यायच्या. मी एकदा विचारलं, असं का केलंत? "तुम्ही नवीन आहात. उद्या खरंच मोठी साथ आली तर गावाने तुमचं ऐकायला हवं," एवढंच म्हणाल्या. मी मान खाली घातली... आणि गप्प राहिलो. ते गप्प राहणं पुढे सोयीचंच झालं.

गेल्या बुधवारी लसीकरणाच्या खोलीत स्वाती आली. दुसरीकडे लग्न झालंय, कडेवर तीन महिन्यांची मुलगी. खिडकीजवळच्या ताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे ती बघत राहिली. मी सगळं सांगून टाकलं. पत्र माझं, आकडा माझा, ताईंनी मला थांबवलं होतं.

ती म्हणाली, "मी त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलले न्हाय, डॉक्टर. त्या असताना का न्हाय सांगितलंत?"

डोळे पुसून तिने त्या खुर्चीवर बसून लेकीला मांडीवर घेतलं, आणि नव्या सेविकेला म्हणाली, "हळू टोचा हां. ताईंचा हात हलका व्हता."