शंभरने गुणलेली भरती

नव्वदीच्या सुरुवातीला मी डोंबिवलीहून ठाण्याला एका छोट्या कंपनीत नोकरीला जायचे. खाडीत नवा धक्का बांधायचा होता. तिथे दहा वर्षांत किती गाळ साचेल, ते कॉम्प्युटरवर काढायचं काम माझ्याकडे आलं. एका महिन्याच्या भरती-ओहोटीचं गणित करायला आमच्या मशीनला पूर्ण दिवस लागायचा. म्हणजे दहा वर्षांना चार महिने. मी युक्ती केली. एका भरतीत तळ जेवढा बदलेल, त्याला थेट शंभरने गुणलं, म्हणजे एकाच भरतीच्या गणितात शंभर भरत्या उरकल्या. सव्वा दिवसात उत्तर आलं: धक्क्यापुढचं पाणी खोलच राहणार. साहेब खूश.

खाडीची खोली मोजताना ज्यांची होडी आम्ही घ्यायचो, ते कोळी काका त्याच आठवड्यात ऑफिसात आले. मी कौतुकाने नकाशा दाखवला. त्यांनी धक्क्याच्या जागेवर बोट ठेवलं.

"बाय, हितं चिखल चढतंय. दर साली माझी होरी अडकते."

"पण काका, कॉम्प्युटर सांगतोय..."

"तो कवा गेलता खाडीत?"

मला आधी रागच आला. मग आठवलं: शंभर हा आकडा मी घाईत घेतला होता, तपासला नव्हता.

साहेबांना म्हटलं, "वीसने गुणून परत चालवते. सहा दिवस लागतील."

"सातव्या दिवशी दुपारी धक्का बांधणाऱ्यांबरोबर मीटिंग आहे. उत्तर वेगळं आलं तर?"

"तर तसं सांगावं लागेल."

मी मशीन सुरू केलं.

चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली. स्क्रीन काळी. रोज सकाळी मी तोवरचे आकडे फ्लॉपीवर घेत होते. वीज आल्यावर आधी तीच मशीनमध्ये घातली. उघडली. अर्धाच दिवस वाया गेला.

मीटिंगच्या सकाळी नकाशा आला. धक्क्यापुढे गाळाचा जाड पट्टा. शंभरच्या उड्यांत तळ इतका झपाट्याने बदलत होता, की प्रवाहाला त्याच्याशी जुळवून घ्यायला सवडच मिळत नव्हती.

दुपारी सगळ्यांसमोर मी उभी राहिले. "आधीचं उत्तर चुकलं होतं. चूक माझी आहे."

महिन्याभराने धक्का बांधणाऱ्यांकडून जागा बदलल्याचं पत्र आलं. ते साहेबांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि दोन चहा मागवले.